भाववाढ थांबते कुठे?

पेट्रोल-डिझेलचे भाव वाढले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेला मथळा असतो : 'सर्वसामान्यांना फटका'. या 'सर्वसामान्य' शब्दाविषयी आम्हाला बऱ्याच दिवसांपासून शंका आहे. फटका सगळ्यांना सारखा बसतो, असा त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात उमटतो आणि तो खोटा असतो. भाववाढ ही पुढच्याच्या हातात देता येणारी चीज आहे. कारखानदार ती व्यापाऱ्याला देतो, व्यापारी किरकोळ दुकानदाराला देतो, दुकानदार गिऱ्हाइकाला देतो. ज्याला देता येते तो देऊन मोकळा होतो. अशी फिरत फिरत ती एखाद्या माणसापाशी येते की ज्याच्या पुढे कुणीच उभे नसते. मग ती त्याच्याकडेच राहते. तो माणूस कोण असतो आणि त्याने ती का म्हणून सोसायची, हा प्रश्न हिशोबाचा आहेच. पण आमच्या मते तो आधी इन्साफाचा आहे.

आम्ही हे मालेगावसारख्या गावाकडे पाहून लिहीत आहोत. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो. सूत ट्रकने येते, मागावर विणलेले कोरे कापड ट्रकनेच पाली-बालोत्र्याच्या रंगाईकडे जाते. भोवतालच्या तालुक्यांतला कांदाही असाच रस्त्याने उत्तरेला जातो. त्यामुळे मोहल्ल्यात मागावर राबणारे जसे घरोघर, तसे गाडीवर पोट असणारेही पुष्कळ. कुणी चालक, कुणी क्लीनर, कुणी टायरचे पंक्चर काढणारा, कुणी कमानपाट्याचे काम करणारा. आणि काही असे की कर्ज काढून एकच ट्रक घेतलेला, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. आपल्या देशातली मालवाहतूक मोठ्या ताफ्यांपेक्षा अशा एक-दोन-चार गाड्यांच्या धन्यांवरच जास्त चालते.

अशा एका गाडीचा हिशोब मांडून पाहू. दहा चाकी ट्रक भरलेला असेल तर लिटरला चारएक किलोमीटर चालतो. इथून कांदा दिल्लीला पोचवायचा म्हणजे बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीनशे लिटर डिझेल. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत डिझेल लिटरमागे दहा रुपयांनी महागले. मुंबईत ते १०४ रुपये ७७ पैशांवर गेले. एका फेरीला जायचे तीन हजार वाढले, यायचे धरले तर सहा हजारांच्या घरात. आता हे सहा हजार त्याने कुणाकडे मागायचे?

मोठ्या कंपन्यांशी वर्षाचा करार करणाऱ्या वाहतूकदारांच्या कागदात बहुधा एक कलम असते : डिझेल इतके वाढले तर भाडे इतके वाढेल. एका गाडीच्या धन्यापाशी असा कागद नसतो. त्याचे भाडे दलालाच्या ऑफिसात, त्या दिवशी गाड्या किती आणि माल किती यावर तोंडी ठरते. गाड्या जास्त आणि माल कमी असेल तर डिझेलच्या भावाचा तिथे कुणी उल्लेखही करत नाही. तो नाही म्हणाला तर मागे दुसरा उभाच असतो. घरी बसावे तर बँकेचा हप्ता बसत नाही. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, बाकी माल उतरून पोच परत आल्यावर, आणि तेव्हाही लगेच मिळेलच असे नाही. म्हणजे पंपावर डिझेल रोखीने आणि भाडे उधारीने. याला धंदा म्हणायचे की सावकाराला बिनव्याजी दिलेले कर्ज?

पैशाने भरता येत नाही तेव्हा माणूस दुसऱ्या कशाने तरी भरतो. क्लीनरला घरी बसवतो, म्हणजे रात्री गप्पा मारून जागे ठेवणारे माणूस गेले. झिजलेला टायर आणखी एक फेरी चालवतो. ठरल्यापेक्षा जास्त माल घेतो. ज्या वाटेला दोन मुक्काम लागतात ती एका मुक्कामात काढतो. रात्रीचा दिवस करणे हा आपल्या भाषेतला कौतुकाचा वाक्प्रचार आहे. महामार्गावर तो जिवावर बेततो. ट्रक दुभाजकावर चढला की बातमीत 'चालकाला डुलकी लागली' एवढे येते. ती डुलकी कुठून आली हे पंचनाम्यात लिहीत नाहीत.

कायदा काहीच नाही असेही नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास घालून दिले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होत असे. एक गाडी, एक माणूस, त्याला कोण लागू करणार? स्वतःच स्वतःचा मालक असल्यामुळे स्वतःचे शोषण तो स्वतःच करतो, आणि त्याची तक्रार कुणाकडे नोंदवायची हे त्याला ठाऊक नसते. २०१८च्या जुलैत सरकारने गाड्यांची मान्य भारक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. कागदावर ही सवलत होती. प्रत्यक्षात तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला आणि रांगेत उभ्या असलेल्या लहान धन्याची घासाघीस करण्याची ताकद आणखी घटली.

आता सरकारविषयी. इथे राग येणे सोपे आहे, म्हणून आम्ही जरा सावकाश जातो. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. तेव्हा सांगितले गेले ते तत्त्व म्हणून चुकीचे नव्हते. जगात भाव चढले तर इथे चढतील, उतरले तर उतरतील. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. हा एक सौदा होता आणि सौद्याला दोन बाजू असतात. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात जगात तेल उतरत असताना अबकारी कर नऊ वेळा वाढवण्यात आला. २०२०च्या वसंतात टाळेबंदीने तेलाला गिऱ्हाईक उरले नाही, अमेरिकेत २० एप्रिलला तर वायदेबाजारात भाव शून्याच्या खाली गेला. त्यानंतर पंधरवड्यात आपल्याकडे पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढला. डिझेलच्या प्रत्येक लिटरवर केंद्राचा कर ३१ रुपये ८३ पैसे झाला. राज्याचा मूल्यवर्धित कर त्याहून वेगळा. महाराष्ट्राचा कर देशातल्या चढ्या करांपैकी मानला जातो, त्यामुळे केंद्राकडे बोट दाखवून मुंबईला सुटका नाही.

उतरणीचा फायदा करात गेला आणि चढणीचा बोजा मात्र पंपावर आला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये कर कमी केले हे खरे, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या साडेचार महिन्यांत, पाच राज्यांच्या निवडणुका चालू असताना, रोज बदलणारे भाव एकदाही हलले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मोजणाऱ्याच्या हाताचा तराजू गिऱ्हाइकाकडे बघून वर-खाली होत असेल तर त्याला आपल्याकडे मापात पाप म्हणतात.

कुणी म्हणेल, २०२०मध्ये सरकारला पैसा हवा होता, फुकट धान्य द्यायचे होते. हवा होताच. पण पैसा कुणाकडून घ्यायचा हे निवडता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ प्राप्तिकर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला होता. आठ महिन्यांनी डिझेलवर तेरा रुपये बसले. पंपावरचा कर गोळा करायला सोपा असतो. तिथून कुणी निसटत नाही, आणि देणाऱ्याला आपण कर दिला हे कळतही नाही. उत्पन्न विचारून घेतलेला कर आणि तहान पाहून घेतलेला कर यांत फरक आहे. बंगल्यातली मोटार आणि कांद्याचा ट्रक एका लिटरवर सारखाच कर देतात. मोटारवाल्याची त्यात एखादी सहल रद्द होते.

दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो आम्हाला जास्त वजनदार वाटतो. इंधन स्वस्त का असावे? धूर सगळ्यांच्या छातीत जातो. वर्षानुवर्षे डिझेल स्वस्त ठेवले तेव्हा त्याचा मलिदा मोठ्या आलिशान गाड्यांनीही खाल्ला. तेल महाग झाले तरच माणूस ते जपून वापरेल. हे सगळे मान्य. पण जपून वापरायला दुसरा मार्ग हातात असावा लागतो. मोटारवाला लोकलने जाऊ शकतो. कांद्याच्या ट्रकला कुठली लोकल? रेल्वेने माल जावा, विजेवरच्या गाड्या याव्यात, याची वाट आम्हीही पाहतो आहोत. तोवर महागाईने इंधन वाचत नाही, माणूस खर्ची पडतो. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे तर सुके बाजूला राहते आणि ओलेच जळते.

मग वाहतूकदारांनी काय करावे? २० जुलै २०१८ पासून आठ दिवस त्यांनी देशभर गाड्या उभ्या केल्या. डिझेल वस्तू-सेवा कराखाली आणा, टोल आणि विम्याचे हप्ते आवरा, अशा मागण्या होत्या. आश्वासनावर संप मिटला. डिझेल अजून त्या कराबाहेरच आहे. पुढे १ आणि २ जानेवारी २०२४ला अपघाताच्या नव्या कलमातील शिक्षेवरून चालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंतून टँकर निघेनात तेव्हा पंपांवर रांगा लागल्या. रांगांमध्ये एकच बोलणे होते : हे लोक जनतेला वेठीस धरतात. वेठ हा शब्द मोठा बोलका आहे. वेठ म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले काम. एरवी वर्षभर वेठ कोण करतो आणि कुणासाठी, हे त्या रांगेत कुणी कुणाला विचारले नाही. संपाने घरातली भाजी महागते, गरिबाच्या घरातलीच आधी महागते, म्हणून संप हे हत्यार जपूनच उचलावे असे आम्हीही म्हणतो. पण ज्याला भाडे ठरवण्याच्या टेबलावर खुर्चीच मिळत नाही, त्याला रस्त्यावर बसू नको म्हणण्याचा हक्क कुणाला पोचतो? निदान एवढे तरी करता येईल : बिल्टीवर त्या दिवसाचा डिझेलचा भाव लिहावा, तो वाढला तर भाड्यात किती वाढ हे तिथेच लिहावे, आणि बाकी किती दिवसांत द्यायची तेही. यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. गावातले सूत-व्यापारी, कांदा-व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाले एकत्र बसले तर एका दुपारचे काम आहे. त्यांतले अनेकजण आपलेच नातेवाईक आहेत, शुक्रवारी शेजारी उभे राहतात.

घराकडे येऊ, कारण ट्रकवाल्याने जे पुढे ढकलले तेही शेवटी कुठल्यातरी घरातच येते. १४.२ किलोच्या सिलिंडरने मुंबईत मे २०२२ मध्ये हजार रुपये ओलांडले. जुलैत तो १,०५२ रुपये ५० पैशांना होता. २०२०च्या मध्यापासून बहुतेकांच्या खात्यात जमा होणारे अनुदान आधीच बंद पडले होते. २०२३ आणि २०२४ मध्ये भाव उतरवले गेले. पण मधल्या काळात ज्या घरी पुन्हा चूल पेटली तिथे धूर कुणी गिळला? घरखर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री बाईच्या ताटाला लागते, हे आपल्या समाजात इतके मुरले आहे की त्याला कुणी त्यागही म्हणत नाही. दूध एक पाव कमी येते, आणि तो पाव कुणाच्या कपातून गेला हे विचारले जात नाही.

त्यानंतरची कात्री मुलीच्या शाळेला लागते. रिक्षावाला महिन्याचे भाडे शंभर रुपयांनी वाढवतो. त्याला दोष देता येत नाही, त्याचाही पंप तोच आहे. बाप मागावर मीटरच्या हिशोबाने राबतो, त्याची मजुरी डिझेलबरोबर रोज बदलत नाही. दोन मुले शाळेत असतील तर मुलाची रिक्षा चालू राहते. मुलीला सांगतात, तू चालत जा. हायस्कूल महामार्गाच्या पलीकडे आहे. आई नको म्हणते. सकाळी सातला रात्रभर जागलेल्या गाड्या वळणावरून गावाकडे येत असतात, आणि त्या कशा चालवल्या जातात हे तिला चांगले ठाऊक आहे. तिचा भाऊ त्यांतल्याच एका गाडीवर आहे.