नीतिसंहितेतील ‘आपण’

व्यापारी कंपन्यांच्या नीतिसंहिता कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. वाचल्या तर पहिली अडचण सर्वनामाची येते. इंग्रजीतील बहुतेक संहिता प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलतात. त्या मराठीत आणणाऱ्याला मात्र प्रारंभीच ठरवावे लागते की हे ‘आम्ही’ आहे की ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो सामील होतो. (‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असते, ही गंमत वेगळी.) इंग्रजी सर्वनाम ही निवड झाकून ठेवते आणि नैतिक प्रश्न नेमका तेथेच आहे. जी संहिता घडवताना ज्याला विचारलेच नाही, ती त्याच्या तोंडी प्रतिज्ञेसारखी घालता येते काय?

जर्मनीत हा प्रश्न न्यायालयात गेला. वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने २००५ साली आपली आचारसंहिता तेथील कर्मचाऱ्यांना लागू केली. सहकाऱ्यांमधील प्रेमसंबंधांवर तीत निर्बंध होते आणि कोणी नियम मोडल्यास त्याची खबर देण्यासाठी दूरध्वनीची सोय होती. जर्मन कायद्याप्रमाणे अशा नियमांत कर्मचाऱ्यांच्या निर्वाचित परिषदेला सहनिर्णयाचा अधिकार असतो. ती परिषद डावलली गेली होती. वुपरटाल येथील कामगार न्यायालयाने आणि त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फच्या अपील न्यायालयाने काही कलमे अमान्य केली. प्रेमसंबंधांवरील निर्बंध तर मानवी प्रतिष्ठेलाच बाधक ठरला. वास्तविक अमेरिकेत अशा नियमामागे हाताखालच्या व्यक्तीला वरिष्ठाच्या दडपणापासून वाचवण्याचा हेतू असतो व तो हीन म्हणता येणार नाही. परंतु नाझी राजवट सोसलेला समाज खबरीच्या सोयीकडे निर्विकारपणे कसा पाहील?

यावरून ‘देश तसा वेश’ हाच न्याय खरा मानावा, तर तोही टिकत नाही. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे अमेरिकेने १९७७ साली गुन्हा ठरवले. जर्मनीत मात्र अशी लाच १९९९पर्यंत करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत असे. तेथे कर्मचाऱ्यांची परिषद होती, कायद्याची संमतीही होती. ज्या देशाचा अधिकारी विकत घेतला जाई तेथला नागरिक तेवढा कोणत्याच परिषदेत नव्हता. परमुलखात फिरून व्यापार करणाऱ्या जपानमधील ओमी प्रांताच्या व्यापाऱ्यांचा आदर्श या दृष्टीने लक्षणीय आहे. व्यवहार विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि समाजाच्याही हिताचा असावा, अशा त्रिसूत्रीत तो पुढील काळात मांडला गेला. त्यातील तिसरा घटक सौद्यात हजर नसतो.

सर्वनामाची ही फसवणूक परदेशातच होते असेही नव्हे. अमेरिकेतील एन्रॉनच्या संचालक मंडळाने १९९९ साली आपल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवता याव्यात म्हणून संहितेतून सूट दिली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये ६४ पानांची नीतिसंहिता कर्मचाऱ्यांसाठी निघाली. डिसेंबर २००१मध्ये कंपनीने दिवाळे काढले, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि निवृत्तीसाठी कंपनीच्या समभागांत ठेवलेली पुंजीही.