घाई कोणाची, जोखीम कोणाची?

कंपाला शहर टेकड्यांवर वसलेले आहे. आमच्या सज्जातून खालचा चौक दिसतो. तेथे उजाडण्यापूर्वीच 'बोडा' येऊन उभे राहतात. बोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. युगांडा-केनिया सीमेवरील बुसिया येथे १९६०च्या दशकात सायकलस्वार माणसांना या नाक्यावरून त्या नाक्यावर नेत. 'बॉर्डर टू बॉर्डर' या हाकेचेच पुढे 'बोडा बोडा' झाले. सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली, आणि तीही पुष्कळदा आपल्या पुण्याच्या बजाजची 'बॉक्सर'. केळ्यांचे घड, गाद्या, कोंबड्या, एकामागे एक बसलेली गणवेशातील मुले. सारे तिच्यावरून जाते.

आमच्या घरात एक नियम पहिल्याच आठवड्यात ठरला: बोडावर बसायचे नाही. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा हेल्मेट नसते. आमची मुले मोटारीने शाळेत जातात.

एकदा पावसामुळे स्वयंपाकाच्या बाईंना उशीर झाला आणि मुलांचे डबे राहिले. 'उद्यापासून बोडाने या, भाडे आम्ही देऊ,' असे आम्ही सांगितले आणि या औदार्याने स्वतःवरच संतुष्ट झालो. काही दिवसांनी बाई आल्या त्या कोपर खरचटलेल्या, साडेसातच्या ऐवजी आठला. त्यांचा पहिला शब्द उशिराबद्दल क्षमेचा होता.

बोडाच वाईट, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. तुंबलेल्या रस्त्यांतून सामान्य माणसाला वेळेवर पोचविणारे ते वाहन आहे आणि असंख्य तरुणांची चूल त्यावर पेटते. चालवणारा पुष्कळदा गाडीचा मालक नसतो. मालकाचा ठरलेला हप्ता आधी द्यायचा, उरेल ते आपले. म्हणजे त्याची घाईही त्याची नसते. घाई वरून खाली उतरत जाते आणि जोखीम सर्वांत खालच्याच्या अंगावर पडते. त्या उतरंडीत वरच्या पायरीवर आम्ही होतो. जी जोखीम आम्ही आपल्या मुलांसाठी नाकारली, तीच दुसऱ्या मुलांच्या आईसाठी भाडे देऊन विकत घेतली. बडोद्याच्या घरी भर पावसात औषधे आणायला दुकानातल्या पोराला सायकलवर पिटाळताना हा विचार आमच्या मनात आला नव्हता. परमुलखात तो आला, इतकेच.

आम्ही हेल्मेट आणले. ते बाईंच्या वेण्यांवर बसेना, म्हणून मोठे आणले. मग त्यांनाच विचारले, बोडा बंद करायचा का? त्या म्हणाल्या, 'बोडाने येणे मला आवडते; धावत येणे आवडत नाही.' तेव्हा कामाची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. उशीर झालाच, तर मुले त्या दिवशी पाव आणि केळी नेतात.

आमची मुले अजूनही बोडावर बसत नाहीत आणि बाई अजूनही बोडानेच येतात. घाई तेवढी आम्ही परत घेतली. जोखमीची विषम वाटणी मात्र तशीच आहे, आणि रोज सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज येईपर्यंत आमचे लक्ष तिकडेच असते.