तिकिटाचे पैसे सारखेच

“कमी पैशांत केलाय गं बिचाऱ्यांनी,” एवढं भाच्यानं म्हणायचा अवकाश, मावशी मल्लेश्वरमच्या भर फुटपाथवर थांबली. “मग तिकीट कमी पैशांत दिलं का आपल्याला?”

नुकताच दोघांनी पाहिलेला चित्रपट वाळवंटातला. सोन्याची पिशवी, चार माणसं, जीपचा पाठलाग, गोळीबार. मावशी बँकेतून निवृत्त झालेली, भाचा बंगळुरूतच राहून एका मासिकात परीक्षणं लिहिणारा. छोट्या चित्रपटाचं नशीब पहिल्या दोन-तीन दिवसांच्या बोलबाल्यावर ठरतं. खरं लिहावं तर त्याचे खेळ कमी होतात, सांभाळून घ्यावं तर वाचकाचे पैसे वाया जातात.

त्यानं याच शहराचा दाखला दिला. पवन कुमार यांच्या ‘लुसिया’साठी शंभराहून अधिक लोकांनी मिळून सुमारे 50 लाख रुपये उभे केले आणि 2013 मध्ये तो कन्नड चित्रपट पडद्यावर आला. “अशा धडपडीकडे जरा मायेनं बघायला नको?”

“तो लोकांनी मायेपोटी नाही पाहिला. आवडला म्हणून पाहिला.”

मावशीची तक्रार पैशांबद्दल नव्हतीच, कथेबद्दल होती. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या 1924 च्या ‘ग्रीड’चा शेवटही वाळवंटातच होतो, डेथ व्हॅलीत. पण तिथवर पोचण्याआधी लॉटरीत मिळालेले पाच हजार डॉलर एका दंतवैद्याच्या संसारात शिरतात, बायको एकेक नाणं दडवू लागते, जवळचा मित्र वैरी होतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये वाळूऐवजी पाऊस आहे, आणि बाप पोराला हाव शिकवतो. “आज आपण पाहिलं त्यात दहाव्या मिनिटाला पिशवी आली नि सगळ्यांनी पिस्तुलं काढली. कोणाला पैसे कशासाठी हवेत, हे कुठं कळलं? एवढं लिहायला कागदच लागतो ना?”

“कागद नाही, महिने लागतात. लेखकाला त्या महिन्यांचे पैसे कोण देतं? बजेट आटलं की पहिली कात्री तिथंच लागते.”

“रॉबर्ट रॉड्रिग्जनं ‘एल मारियाची’ सात हजार डॉलरांत केलाच की!”

“त्यातले काही पैसे त्यानं औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवले, मावशी. ते आपण कौतुकानं सांगतो. ‘ग्रीड’च्या वेळीही स्ट्रोहाइमनं माणसांना ऐन उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत नेलं, कितीतरी जण आजारी पडले. हावेवरचा चित्रपट करणाऱ्याची ती हाव नव्हे का?”

या प्रश्नानं मावशी पहिल्यांदाच अडली, आणि तिनं ते लपवलंही नाही. भाच्याचा मुद्दा खरा होता, पण त्यानं आजच्या पोकळ पटकथेची भरपाई होत नव्हती. उलट, ती पोकळ का राहिली याचं एक कारण तेवढं हाती आलं होतं.

“मग कथा फसली असं स्वच्छ लिही,” ती म्हणाली, “आणि निर्मात्याला विचार, लेखकाला किती दिवस दिले, किती पैसे दिले. उत्तर मिळालं तर तेही छाप.”

“मग मोठ्या चित्रपटांनाही हेच विचारावं लागेल.”

“विचार की!”