पाच हजारांची पावती

जानेवारी संपत आला की नोकरदार घरांत पावत्यांची शोधाशोध सुरू होते. भाड्याच्या, विम्याच्या, पीपीएफच्या. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री भाचा आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. वय २७, हिंजवडीत नोकरी, अंगाने सडपातळ.

‘मामा, टॅक्सच्या ८० डीमध्ये हेल्थ चेकअपचे पाच हजार टाकतोय. पावती कुणी मागत नाही.’

‘पण चेकअप केलंस कधी?’

‘मला काय धाड भरलीय?’

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरीत असताना दोन वर्षं मीही हाच आकडा बिनदिक्कत भरला होता. विम्याचा हप्ता रोखीने भरला तर वजावट मिळत नाही. प्रतिबंधात्मक तपासणीचे पैसे मात्र रोख दिले तरी चालतात आणि विवरणपत्राला कागद जोडावा लागत नाही. कायद्याने टाकलेला विश्वास आपण पळवाट म्हणून वापरला. सरकार यात फार तर दीड-दोन हजारांना बुडतं. पण कागदावर आपली तपासणी झालेली असते आणि आपण ती केलेली नसते, ही गंमत मला त्या रात्री पहिल्यांदा टोचली.

शनिवारी त्याला घेऊन आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. बहात्तर तपासण्यांच्या, एकावर एक फुकट अशा पॅकेजांवर माझा विश्वास नाही. धडधाकट तरुणाला त्यातल्या बऱ्याचशा लागतही नाहीत. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, फोन माझ्याकडे. मग रक्तदाबाचा पट्टा बांधला. १४८/९६. थोडं थांबून पुन्हा. १४६/९४.

‘एका दिवसावरून काही ठरवायचं नाही. पुढच्या शनिवारी ये,’ असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून शिंप्याकडे असते तसली टेप काढली आणि त्याच्या कमरेभोवती धरली. ९२ सेंटिमीटर. ‘आपल्याकडे पुरुषाची नव्वदच्या आत हवी.’

‘पण माझं वजन नॉर्मल आहे!’

यावर पुण्यातच एक नामी उत्तर आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे त्यांनी स्वतःलाच पुढे करून दाखवलं. आपल्या घरात मात्र ‘खात नाहीस का रे काही?’ हीच आरोग्यतपासणी.

घराबाहेरही तेच. शाळकरी मुलांची सरकारी तपासणी अठराव्या वर्षी संपते. रक्तदाब-मधुमेहाची सरसकट तपासणी सुरू होते तिशीला. मधल्यांसाठी अधूनमधून एखादी मोहीम निघते आणि विरते. घर सुटतं, रात्रपाळी लागते, स्वतःच्या पैशाने हवं ते खाता येतं, ती नेमकी हीच बारा वर्षं.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. ‘सिगारेट?’

भाच्याने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी त्याचा फोन टेबलावर ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. समोर एक आई मुलीला घेऊन बसली होती. मुलगी वीस-बावीसची. कंपाउंडरने काय होतंय विचारलं, तर उत्तर आईच देत होती. तरुणांची तपासणी पैशांवाचून अडते, असं मी समजत होतो. पैसा कमीच आडवा येतो, आम्ही वडीलधारी जास्त. लग्न न झालेली मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली की जिन्यातल्या शेजारणीला कारण सांगावं लागतं. मुलगा रक्त तपासून आला की ‘काही लपवतोयस का?’ अशी उलटतपासणी होते. मग पोरं खोटं बोलायला शिकतात, आधी आपल्याशी आणि मग डॉक्टरांशीही. खोट्या माहितीवर कुठला डॉक्टर काय टाळणार?

दहा मिनिटांनी तो बाहेर आला. पुढच्या शनिवारी दाब १४२/९२ भरला. मीठ, झोप आणि रोजचं चालणं यांचा कागद मिळाला, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. डॉक्टरांची फी आणि रक्ताच्या तपासण्या मिळून खर्च आला १,१५० रुपये. त्याने लॅपटॉप उघडून ५,००० खोडले आणि १,१५० भरले.

सिगारेटच्या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिलं, ते मी अजून विचारलेलं नाही.