एका देहाचे दोन, मग जीव किती?

लंडनच्या वायव्येला, स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात गुडघ्याची इजा झालेली कूर्चा रुग्णाच्याच वाढवलेल्या पेशी रोपून दुरुस्त करतात. एवढा खटाटोप, कारण माणसाची कूर्चा आपणहून धड भरून येत नाही.

गोड्या पाण्यातल्या हायड्रा या इवल्या प्राण्याला ही अडचणच नाही. १७४०च्या दशकात निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेंब्ले यांनी त्याचे दोन तुकडे केले. दोन्ही जगले, दोन्ही पूर्ण झाले. युरोपातले पंडित गडबडले: आत्मा अविभाज्य, तर दुसऱ्या तुकड्यात तो आला कुठून? १७४७ साली फ्रेंच विचारवंत ला मेत्री यांनी माणसाला यंत्र ठरवणाऱ्या ग्रंथात याच प्राण्याची साक्ष काढली.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरेच काम झाले आहे. कापल्यावर काही तासांतच डब्ल्यूएनटी-३ हे जनुक जागे होते आणि डोके कुठे फुटायचे ते ठरते. खूण सापडली, जीव कुणाचा, हे मात्र जनुक सांगत नाही.

न्यायदर्शनाला ही कोंडी फारशी जाचणार नाही. तिथे आत्मा सर्वव्यापीच आहे. जीव देहाएवढा मानणाऱ्या जैनांपुढचा पेच जास्त रंजक: जुनाच जीव पसरला, की नवा आला? पण दोन्ही हायड्रा आपापली शिकार स्वतंत्रपणे पकडतात, तेव्हा पहिले उत्तर तरी टिकत नाही.