फळाचा विलंब आणि मधला व्यापार

केलेले कर्म संपून जाते आणि त्याचे फळ मात्र पुष्कळ काळानंतर येते, तेव्हा मधल्या काळात त्या दोहोंना जोडून ठेवणारे काय असते, हा पूर्वमीमांसेतील जुना प्रश्न आहे; आणि लातूर-नांदेडच्या व्यवहारात आज तो एसइओच्या निमित्ताने नव्या वेशात उभा राहिला आहे. एसइओ, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, याचा अर्थ संकेतस्थळाचा मजकूर, रचना, वेग आणि इतर संकेतस्थळांवरून त्याच्याकडे येणाऱ्या लिंक यांत अशी सुधारणा करणे, की गूगलसारख्या शोधयंत्रात ते संकेतस्थळ वरच्या क्रमांकावर दिसावे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकावर उभ्या राहिलेल्या शिकवणी वर्गांचे चालक असोत किंवा नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील लॉजमालक असोत, या कामासाठी जो दरमहा पैसे मोजतो, तो काही आठवड्यांतच ‘रिझल्ट कधी दिसणार’ असे विचारू लागतो. आणि त्याला मिळणारे ‘थोडा धीर धरा’ हे उत्तर कधी खरे असते, तर कधी निव्वळ वेळ मारून नेणारे.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांवरील शबरस्वामींच्या भाष्यात हाच पेच चित्रा नावाच्या इष्टीच्या, म्हणजे एका छोट्या यज्ञाच्या, निमित्ताने येतो. पशुधनाची इच्छा असणाऱ्याने ही इष्टी करावी असा विधी आहे. परंतु इष्टी आटोपली तरी दारात गुरे आलेली दिसत नाहीत, तेव्हा विधीच खोटा मानावा, असा आक्षेप पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, घेतो. त्यावर सिद्धान्ती म्हणतो की विधीने फळ सांगितले आहे, ते तत्काळ मिळेल असे सांगितलेले नाही. कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त या आक्षेपासाठी आणि त्याच्या परिहारासाठी स्वतंत्र प्रकरणे खर्ची घातली, यावरून प्रश्नाचे वजन लक्षात यावे. कर्मातून उत्पन्न होऊन फळ येईपर्यंत टिकणारी जी अदृश्य शक्ती मीमांसकांनी मानली, तिला ‘अपूर्व’ म्हणतात. ती प्रत्यक्ष दिसत नाही, तर अर्थापत्तीने, म्हणजे एरवी संगती लागत नाही म्हणून, मानावी लागते.

मात्र याच मीमांसकांनी कारीरी नावाची पर्जन्यासाठीची इष्टी वेगळी काढली. उभी पिके वाळत असताना ती केली जाते, त्यामुळे तिचे फळ पुढच्या वर्षी किंवा पुढच्या जन्मी येऊन उपयोगाचे नाही. ते याच हंगामात यावे लागते. मराठवाड्यातील वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. फळाचा काळ कर्मावरून एकदाच ठरत नाही, तो इच्छिलेल्या वस्तूच्या स्वरूपावरही अवलंबून असतो, असा याचा अर्थ. आणि एसइओला किती काळ लागतो या प्रश्नाचे एकच आकड्यातले उत्तर का संभवत नाही, हेही त्यातून उलगडते. काही बदलांचा परिणाम काही तासांत दिसतो तर काहींना कित्येक महिने लागतात, असे गूगलची मार्गदर्शिकाच सांगते. सुधारणा अमलात आणून त्यांचा लाभ दिसू लागण्यास बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच्या मायली ओये यांनी 2017 मध्ये सांगितले होते. त्याच वर्षी एहरेफ्स या कंपनीने केलेल्या पाहणीत, नव्या पानांपैकी केवळ 5.7 टक्के पाने वर्षभरात एखाद्या तरी शब्दासाठी पहिल्या दहांत पोचल्याचे आढळले. लातूर जिल्ह्यात सोयाबीन आणि तूर एकाच शेतात एकाच दिवशी पेरली, तरी सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि तूर आणखी दोन-तीन महिने शेतात उभी राहते. जुन्या पानाचे शीर्षक दुरुस्त करणे आणि नव्या संकेतस्थळाला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसारख्या चुरशीच्या शब्दावर वर आणणे, यांत असाच फरक आहे. दहावीच्या निकालानंतरच्या प्रवेशांसाठी किंवा नांदेडच्या होला महल्ल्याच्या गर्दीसाठी ऐनवेळी सुरू केलेला एसइओ ही कारीरीची अपेक्षा ठेवून केलेली चित्रा ठरते, आणि अशा वेळी सरळ जाहिरात देणेच शहाणपणाचे.

विलंब लागतो तो कशामुळे, हे पाहिले म्हणजे मीमांसेशी असलेले साम्य जिथे संपते ती जागा सापडते. शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, प्रथम पानावर येतो. मग ते पान इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या सूचीत, नोंदले जाते. आणि त्यानंतर क्रमांक ठरतो. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीपासून या क्रमांकात इतरांनी दिलेल्या लिंकना मोठे स्थान आहे, आणि इतरांची मान्यता इतरांच्याच गतीने येते. कर्म आणि फळ यांच्यामधल्या अशा क्रियेला शास्त्रकार ‘अवान्तर व्यापार’ म्हणतात. अपूर्व अदृश्य असते, हा व्यापार मात्र दिसतो: पान नोंदले गेले की नाही, ते कोणत्या शब्दांसाठी किती वेळा दाखवले गेले, सरासरी कितव्या क्रमांकावर आले आणि किती जणांनी ते उघडले, हे सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात संकेतस्थळाचा मालक पाहू शकतो. बहुधा आधी पान दाखवले जाणे वाढते, मग क्लिक येतात आणि विचारपूस करणारे फोन सर्वांत शेवटी वाजतात.

न्यायसूत्रांनी निष्फळ इष्टीचे कारण तीन ठिकाणी शोधायला सांगितले आहे: कर्मातील उणीव, कर्त्यातील उणीव आणि साधनातील उणीव. हे उत्तर चतुर आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे, कारण उणीव नेमकी कुठे होती हे तपासता येत नसेल, तर या उत्तराने कोणतेही अपयश झाकता येते. चार्वाकांना वैदिक कर्मकांडाबद्दल जो संशय होता, त्याचे मूळ इथेच आहे. ज्या क्षेत्रात मधला व्यापार पाहता येतो, तिथे तो न दाखवता केवळ धीर धरायला सांगणे म्हणजे अपूर्वाचा आडोसा घेणे होय.

गीतेतील फलत्यागाचा उपदेशही या व्यवहारात चुकीच्या जागी वापरला जाण्याचा संभव असतो. नांदेडच्या शेष घराण्याशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या वामनपंडितांच्या ‘यथार्थदीपिके’पर्यंत मराठीत गीताविवेचनाची दीर्घ परंपरा आहे, तरीही मूळ उपदेश कर्त्याने स्वतःच्या आसक्तीविषयी घ्यायचा आहे, ही साधी गोष्ट नजरेआड होते. मोबदला घेणाऱ्याने मोबदला देणाऱ्याला फळाची आशा सोडायला सांगणे हा निष्काम कर्मयोग नव्हे.

शोधयंत्राला कर्मफलदाता मानण्याचा मोहही टाळायला हवा. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात बादरायण फळ ईश्वराकडून येते असे म्हणतात आणि जैमिनींचे मत मात्र ते धर्मातूनच येते असे नोंदवतात. परंतु केलेले वाया जावे हा ‘कृतनाश’ आणि न केलेले भोगावे लागावे हा ‘अकृताभ्यागम’, हे दोन दोष कर्मसिद्धान्त मानणारा विचार सहसा पत्करत नाही. शोधयंत्रात दोन्ही घडतात. नियम बदलला की वर्षाची मेहनत एका आठवड्यात खाली जाते. आणि जुने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, विकत घेतले तर आधीच्या मालकाच्या खोट्या लिंकचा भार नव्याच्या माथी येऊ शकतो. 2012 च्या पेंग्विन या बदलाने अशा लिंकना चाप लावला. पण ऑक्टोबर 2014 नंतर त्याची पुढची फेरी थेट सप्टेंबर 2016 मध्ये आली, त्यामुळे चूक सुधारलेल्यांनाही जवळपास दोन वर्षे ताटकळावे लागले. ही विश्वाची नीती नाही, जाहिरातींवर कमाई करणाऱ्या एका कंपनीची क्रमवारी आहे, आणि तिच्याकडून न्यायाची अपेक्षा बाजारात ठेवावी तेवढीच ठेवावी.

लातूर-नांदेडच्या लिंगायत समाजाला परिचित असलेला, बाराव्या शतकातील बसवण्णांच्या परंपरेतला कायक विचार कामाचे मोल कामातच पाहतो. त्याच्या दृष्टीने वर्गाची खरी फी, शिक्षकांची पात्रता किंवा लॉजच्या खोल्यांचे खरे दर स्पष्ट लिहिणारे पान, ते विसाव्या क्रमांकावर असले तरी, उघडणाऱ्या पालकाच्या किंवा यात्रेकरूच्या आजच उपयोगी पडते. एसइओमधला हाच भाग विलंबाच्या प्रश्नातून सुटलेला आहे.

उरलेल्या भागासाठी पैसे देणाऱ्याने फळाची तारीख मागण्याऐवजी कोणत्या महिन्यात मधली कोणती खूण दिसेल, हे लेखी मागावे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांची आकडेवारी राहते, म्हणजे यंदाचा प्रवेशाचा हंगाम गेल्या वर्षीच्या हंगामाशी ताडून पाहण्यास ती पुरेशी आहे.