‘नेक्स्ट’चं बटण

गेली दोन वर्षं मी एका बटणाची राखण करते आहे. ऑनलाइन कोर्सच्या प्रत्येक पानाखाली ‘नेक्स्ट’ लिहिलेलं बटण असतं ना, तेच. आमच्याकडे ते सुरुवातीला राखाडी असतं, दाबलं तरी काही होत नाही. पानावरचा मजकूर वाचायला साधारण किती वेळ लागेल याचा अंदाज बांधून माझा कोड तेवढा वेळ ते अडवून धरतो. वेळ भरला की ते निळं होतं. मध्येच दुसऱ्या टॅबवर गेलात तर घड्याळ थांबतं. कारण कोर्स संपल्यावर आम्ही सर्टिफिकेट देतो, त्यावर तास छापतो, आणि ते तास खरोखर गेले असं आम्हाला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

हे कोर्स करणारे लोक म्हणजे दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचे समुपदेशक. मी अमेरिकेत मिनिसोटा राज्यात राहते. इंजिनिअरिंग सांगलीला केलं, मग पुण्यात नोकरी, तिथून इकडे. या राज्यात हे काम करायला लायसन्स लागतं. त्याचं नाव ‘लायसन्स्ड अल्कोहोल अँड ड्रग काउन्सेलर’, बोलताना नुसतं एलएडीसी. आणि लायसन्स टिकवायचं तर दर दोन वर्षांत 40 तास शिकावं लागतं. त्यातले काही तास व्यावसायिक नीतीचे, काही वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांना समजून घेण्याचे, बाकीचे आपल्या पसंतीचे.

सर्व्हरच्या लॉगमध्ये मला माणसं दिसत नाहीत, वेळा दिसतात. पण त्याही पुरेशा बोलक्या असतात. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात रात्री अकरानंतर गर्दी उसळते. बटण निळं झालं की तीन सेकंदांत दाबलं जातं, मग पुन्हा सगळं शांत. माउस हलत नाही, पान खाली सरकत नाही. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा असते. नापास झालात तर परत द्या, कितीही वेळा. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकमेकांची जर्नलं उतरवून काढणारी आमची बॅच मला हमखास आठवते. फरक इतकाच की आमच्या जर्नलांवर कुणाचा जीव अवलंबून नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एक तक्रार आली. बटण निळंच होत नाहीये. तक्रार करणारे गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले, लॅपटॉप जुना. सपोर्टवाल्यांना जमेना म्हणून मला कॉलवर घेतलं. चूक माझ्याच कोडमध्ये निघाली, त्यांचा लॅपटॉप झोपला की टायमर शून्यावर जात होता. मी दुरुस्ती केली, पण ती चालते की नाही हे बघायला ते पान पूर्ण वेळ उघडं राहायला हवं होतं. अकरा मिनिटं. तेवढा वेळ आम्ही दोघं एका राखाडी बटणाकडे बघत बसलो, आणि ते बोलायला लागले.

(पुढचं मी त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

ते स्वतः दारूतून उठलेले. या राज्यात हा पेशाच तसा जन्माला आला. 1950च्या दशकात विल्मरच्या सरकारी मनोरुग्णालयात नेल्सन ब्रॅडली आणि डॅनियल अँडरसन यांनी दारू सोडलेल्या माणसांनाच रुग्णांशी बोलण्याच्या कामावर घेतलं, तेव्हाच्या रीतीला ते सोडून होतं. सेंटर सिटीजवळच्या एका शेतावर 1949 मध्ये सुरू झालेल्या हेझल्डनमध्ये ती पद्धत वाढली आणि ‘मिनिसोटा मॉडेल’ म्हणून जगभर गेली. पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण सुरू झालं, तिथेही बरे झालेले लोक पुढे कार्यकर्ते झाले. ज्याला हे जळणं ठाऊक आहे त्याचंच ऐकलं जातं, हा त्यामागचा विचार, आणि तो खोटा नाही.

मी म्हटलं, माझा मामाही असाच आहे. सतरा वर्षं प्यायलेला नाही, आता इतरांच्या घरी जाऊन समजावतो. ते म्हणाले, “मग त्याला सांग, अनुभव कामाचा असतो, पण तो तुमच्या आजाराचा असतो, समोरच्याच्या नाही.” आणि त्यांनी त्या मुलाचं सांगितलं.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बावीस वर्षांचा मुलगा, वेदनाशामक गोळ्यांवरून हेरॉइनवर गेलेला. त्याच्या आईने विचारलं, ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध आहे म्हणतात, ते द्यावं का? हे औषध मेंदूतल्या त्याच कुलपात जाऊन बसतं जिथे हेरॉइन बसतं, पण अर्धवटच फिरतं. तलफ भागते, एरवीसारखी नशा चढत नाही. अमेरिकेत व्यसनाच्या उपचारासाठी त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली होती. हे गृहस्थ त्या आईला म्हणाले, “एक नशा सोडून दुसरी धरायची, याला आम्ही सोबर म्हणत नाही.” मुलगा अठ्ठावीस दिवस राहिला, स्वच्छ होऊन घरी गेला. अकराव्या दिवशी त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला. महिनाभर काहीच न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वी जो डोस पचायचा तो आता श्वास थांबवतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे याच कारणाने सर्वांत धोक्याचे असतात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्मं असतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे.

“तेव्हा आम्ही सगळेच असं म्हणायचो,” ते म्हणाले. हे खरं आहे. खुद्द हेझल्डनने ब्युप्रेनॉर्फिनचा दीर्घकाळ वापर आपल्या उपचारात आणला तो 2012 मध्ये. मग थोडं थांबून म्हणाले, “नाही. सगळे नव्हते म्हणत. त्याच्या आदल्या वर्षी एका कार्यशाळेत एका डॉक्टरबाईंनी तासभर या गोळीबद्दल सांगितलं होतं. मी मागच्या रांगेत शब्दकोडं सोडवत होतो. त्या तासाचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे.”

बटण निळं झालं. त्यांनी दाबलं, आभार मानले आणि कॉल संपला.

त्यांची चूक नेमकी कोणती, हा प्रश्न मला सोडेना. खोटं ते बोलले नव्हते. मनापासून जे खरं वाटत होतं तेच त्यांनी त्या आईला सांगितलं, तेही तिच्या मुलाच्या भल्यासाठी. आपण एरवी असं झालं की म्हणतो, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. पण माहीत नसणं हे नेहमीच आपल्यावर येऊन आदळलेलं असतं का?

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होता. थ्रीडी ग्राफिक्सच्या नादात क्लिफर्ड अल्जिब्रा वाचताना मला हे नाव भेटलं. त्याने 1877 मध्ये एक निबंध लिहिला, त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, डागडुजी हवी, हे त्याच्या मनात येतं. पण खर्च आठवतो. मग तो स्वतःची समजूत काढतो, इतक्या सफरींतून परत आलंय, याही वेळी येईल. हळूहळू त्याचा तसा प्रामाणिक विश्वास बसतो. जहाज प्रवाशांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण असा विश्वास धरण्याचा त्याला हक्कच नव्हता. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो: जहाज बुडालं नसतं तरीही तो तितकाच दोषी होता, फक्त पकडला गेला नसता.

मला हे पटतं, पण त्या गृहस्थांना तसंच्या तसं लावता येत नाही. जहाजमालकाला शंका आली होती, त्याने ती दाबली. यांना शंका आलीच नाही. शंका ज्या तासात यायची त्या तासात ते शब्दकोडं सोडवत होते. म्हणजे दोष असलाच तर शंकेच्याही एक पायरी आधीचा आहे, स्वतःला शंका येऊ देण्याच्या जागी नेऊन न बसवण्याचा. 40 तासांचा नियम असतो तो बहुधा यासाठीच. नवी माहिती काय, कुठेही मिळते. आपण जे रोज आत्मविश्वासाने सांगतो ते चुकीचं असू शकतं, हे अधूनमधून कुणीतरी आपल्याला ऐकवावं म्हणून ते तास.

आणि मी नेमकं तेच होऊ न देणारं यंत्र चालवते. आमच्या साइटवर कोर्सना तारे देता येतात आणि जास्त ताऱ्यांचा कोर्स वर दिसतो. तो क्रम लावणारा कोडही माझाच. पाच तारे मिळतात ते ऐकताना बरं वाटणाऱ्या कोर्सला, म्हणजे जे आधीच माहीत आहे ते छान सांगणाऱ्याला. ज्या कोर्सने त्या गृहस्थांना पंधरा वर्षांपूर्वी अस्वस्थ केलं असतं, तो माझ्या यादीत तिसऱ्या पानावर सापडला असता.

याचा अर्थ काउन्सेलर आळशी आहेत असा कृपा करून घेऊ नका. दिवसभर आठ जणांचं दुःख ऐकून, त्याच्या नोंदी लिहून, रात्री स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या कोर्समधला एकसुरी आवाज ऐकायचा. मीही झोपले असते. शिवाय नीट बसून ऐकलं तरी काय होतं, हेही तपासून झालंय. विल्यम मिलर हे ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या पद्धतीचे जनक. रुग्णाशी वाद घालू नका, बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्या, अशी ती पद्धत. त्याआधी रुग्णाचा ‘नकार’ फोडून काढायचा, चारचौघांत त्याला तासडायचं, याची चलती होती. मिलर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं की समुपदेशक जितका अंगावर जातो तितका रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत असतो. मग ही नवी पद्धत कार्यशाळेत शिकवून येते का, हेही मिलरनी पाहिलं. लोक म्हणत होते, आम्ही पुष्कळ शिकलो. टेप ऐकल्या तर बदल किरकोळ, आणि समोरच्या माणसाच्या बोलण्यात काहीच फरक नाही. 2004च्या मोठ्या प्रयोगात फक्त कार्यशाळा केलेल्यांचं कौशल्य काही महिन्यांत ओसरलं. टिकलं ते ज्यांच्या खऱ्या मुलाखतींच्या टेप कुणीतरी ऐकून अभिप्राय दिले, किंवा फोनवर पुढे शिकवत राहिलं, त्यांचं.

हे वाचून मला लाज वाटली ती माझ्याच पेशाकडे बघून. माझ्या कोडची एक ओळही दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय पुढे जात नाही, आणि तो कोड काय करतो, तर बटण निळं करतो. ज्या खोलीत कुणीतरी आईला सांगतंय की औषध देऊ नका, तिथे दार बंद असतं. ते बंद असायलाही कारण आहे. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना इथे वेगळा कडक संघीय कायदा आहे, आणि तो नसता तर लोक उपचारालाच आले नसते. तरी मी मॅनेजरकडे विषय काढला. रुग्णाच्या संमतीने टेप, अनुभवी माणसाने ऐकायचं, त्याचे तास मोजायचे. तो म्हणाला, कल्पना चांगली आहे, पण हे विकत कोण घेईल? त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आपल्याला ऐकलं जावं असं पैसे देऊन कोण मागेल?

दिवाळीनंतर मामाशी बोलत होते. तासगावकडचा एक माणूस, वीस वर्षं रोज पिणारा. त्याच्या बायकोने मामाला बोलावलं. मामाने सांगितलं, दोन-तीन दिवस खोलीत ठेवा, कितीही ओरडला तरी दार उघडू नका, उतरेल. त्याची स्वतःची तशीच सुटली होती. माणूस तीन दिवस थरथरला, घामाने भिजला, चौथ्या दिवशी जेवला. मामा खूश होता.

मला मात्र आमचाच एक कोर्स आठवला. बटण तपासण्यासाठी मी तो तीसेक वेळा उघडला होता, त्यामुळे नाइलाजाने पाठ झालाय. हेरॉइन अचानक सोडलं तर हाल कुत्रा खात नाही, पण सहसा त्याने माणूस मरत नाही. दारूचं तसं नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, ताप, भास, आणि वेळेवर औषध न मिळाल्यास मृत्यूही. दवाखान्यात ते गोळ्या देऊन टाळता येतं. कोंडलेल्या खोलीत येत नाही.

मी मामाला हे सांगितलं. जरा जास्तच ठासून सांगितलं असणार, कारण तो म्हणाला, “तू बीअरचा घोट तरी घेतलायस का कधी? तू मला शिकवणार? आणि तो माणूस बरा झालाय ना?” क्लिफर्डचं न बुडालेलं जहाज, मनात आलं, पण मामाला ते कसं सांगणार. ज्या माणसाला दारातून आत घ्यायला लोक घाबरायचे, त्याला आज लोक मदतीला बोलावतात. त्याच्याकडे सतरा वर्षांत जमवलेली एवढीच इस्टेट आहे, आणि तीही आठ हजार मैलांवरून त्याची भाची तपासायला निघालेली. शिवाय माझंच वागणं मिलरच्या वाईट काउन्सेलरसारखं होतं. मी अंगावर गेले होते.

तीन आठवडे त्याचा फोन नाही. मग एका रविवारी पहाटे व्हॉइस मेसेज आला. मागे एसटी स्टँडचा आवाज होता. “अगं, ते फिटचं म्हणत होतीस ना, ती यायच्या आधी काही खूण दिसते का? इथे एका घरी जायचंय, उद्या.”

मी तो दोनदा ऐकला. कोर्समधलं पान आठवलं, थरथर, घाम, नाडी, सगळं. पण ते वाचून त्याला उद्याच्या घरी पाठवायचं माझं धाडस झालं नाही. मी लिहिलं, मामा, आधी सांगलीला डॉक्टरांना फोन कर, त्यांना विचारूनच जा. त्याचं लगेच उत्तर आलं, “नंबर पाठव.”